महाराजांची बासुंदी आणि तळाचा खण

एका जंगलात एक फ्रिज होता.

जंगलात वीज कुठून आली, असं मधेच विचारू नका, मुलांनो. फ्रिज जिथून आला तिथूनच वीजही आली. गोष्टीत शंका काढणाऱ्या मुलांना शेवटचं तात्पर्य कळत नाही. ज्यांना कळतं त्यांचंही पुढे फारसं भलं होत नाही, पण ते असो.

तर हा फ्रिज गोदाक्का अस्वलिणीच्या गुहेत होता. अख्ख्या जंगलात एकच. त्यामुळे जो तो आपलं उरलंसुरलं तिच्याकडे आणून ठेवायचा. वरचा कप्पा सिंहमहाराजांचा. त्याखालचा वाघ-बिबट्यांचा. मधला कोल्ह्या-लांडग्यांचा. आणि अगदी तळाशी भाजीचा प्लास्टिकचा खण असतो ना, तो सशांचा. हे कोणी ठरवलं नव्हतं. पण विचारलं असतं तर सगळ्यांनी हेच सांगितलं असतं.

त्या खणात इंदू सशीण थोडी पालेभाजी ठेवायची आणि एक छोटी बाटली. तिचा नवरा बबन साखरेच्या आजाराने झिजला होता. रोज सकाळी त्याला इंजेक्शन द्यावं लागे. औषध गार राहिलं तर टिकायचं, आणि औषध टिकलं तर बबन टिकायचा.

एकदा महाराजांचा वाढदिवस आला. गोदाक्काने बासुंदी केली. महाराजांनी पोटभर खाल्ली, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "उरलेली ठेवा. मी नंतर खाईन."

गोदाक्काने काठोकाठ भरलेलं पातेलं वरच्या कप्प्यात ठेवलं आणि पार मागे सारलं. महाराजांच्या पातेल्याला कोणाचा धक्का लागला तर काय घ्या! सारताना थोडी बासुंदी हिंदकळली आणि मागच्या भिंतीवरून खाली ओघळली.

आता नीट ऐका. फ्रिजच्या आत मागच्या भिंतीला, खाली, एक बारीक भोक असतं. भिंतीवर साचलेला बर्फ वितळला की त्याचं पाणी त्या भोकातून मागे निघून जातं. बऱ्याच घरच्या फ्रिजलाही असतं. आज घरी गेलात की बघा, आई डबे हलवू देत असेल तर.

महाराजांची बासुंदी त्या भोकात जाऊन घट्ट बसली. पाण्याची वाट बंद झाली. मग पाणी खालच्या खणात पडू लागलं.

महाराज बासुंदी विसरले. राजांना आठवण करून द्यायला दरबारी असतात, आणि दरबाऱ्यांना आठवण करून द्यायची भीती वाटते.

इंदू गोदाक्काकडे गेली. "अक्का, खणात पाणी साचलंय हो. माझी बाटली तरंगतेय."

"तुझी भाजी ओली असेल. पुसून ठेवत जा गं जरा."

इंदूने भाजी पानन् पान पुसली. पाणी साचलंच. मग तिने भाजी ठेवणंच बंद केलं. खणात एकटी बाटली राहिली, आणि पाणी.

हळूहळू पाणी खणातून बाहेर आलं आणि गुहेत पसरलं. लांडग्याचे पाय ओले झाले. तेव्हा कुठे फ्रिज बिघडल्याचं सर्वांच्या लक्षात आलं.

कोल्हेसाहेबांना बोलावणं गेलं. कोल्हेसाहेब या विषयातले जाणकार होते. तरुणपणी ते शहरात एका मेकॅनिकच्या दुकानासमोर बरेच दिवस झोपत असत.

त्यांनी दारात एक पान धरलं, दार लावलं आणि पान ओढून पाहिलं. पान फाटलं. "दाराचं रबर चांगलं आहे," ते म्हणाले. "जरा जास्तच चांगलं आहे. पाण्याला बाहेर पडायला वाव नाही."

"पण पाणी बाहेरच आलंय," लांडगा पाय झटकत म्हणाला.

"म्हणजे मग उतार चुकलाय."

हत्तीला बोलावून फ्रिजच्या पुढच्या पायांखाली दगड सरकवले. पुढचं पाणी मागे गेलं. लांडग्याचे पाय कोरडे झाले. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मागे गुहेत जिथे पाणी गेलं, तिथे कोणी बघायला गेलं नाही.

"साहेब," इंदू म्हणाली, "ती मागची भिंत बघता का? वरून पांढरा ओघळ आलाय. खाली भोकात काहीतरी बसलंय बघा."

कोल्हेसाहेबांनी ओघळ पाहिला. त्यांची नजर ओघळाबरोबर वर वर गेली, पातेल्यापाशी पोचली आणि झटकन खाली आली.

"तो ओघळ नाही," ते म्हणाले. "ती फ्रिजची नक्षी आहे."

"हो हो," गोदाक्का म्हणाली. "आणला तेव्हापासून आहे."

इंदूने एक काडी उचलली आणि भोकाकडे हात नेला. गोदाक्काने तिचा हात धरला.

"अगं, महाराजांची बासुंदी ती! काडीने उकरतेस?"

"आत्ता तर नक्षी होती ना, अक्का?"

"नक्षीच आहे. पण बासुंदी महाराजांची आहे."

गोदाक्का वाईट नव्हती, मुलांनो. इंदूच्या लेकरांना ती मध चाटवायची. पण तिची गुहा महाराजांच्या जंगलात होती.

कोल्हेसाहेबांनी मग असं शोधून काढलं की दार फार वेळा उघडतं म्हणून पाणी होतं. कोण उघडतं? वाघाला विचारायची कोणाची छाती नव्हती. तेव्हा सशांनी सर्वांच्या शेवटी, संध्याकाळी दार उघडावं असं ठरलं. बबनला इंजेक्शन सकाळी लागायचं. ते आता संध्याकाळी मिळू लागलं. तो दिवसभर ओठ चाटत, पाणी मागत पडून राहायचा. इंदू संध्याकाळपर्यंत फ्रिजकडे तोंड करून बसायची. मला इथे फार राग येतो, पण गोष्ट सांगणाऱ्याने रागवायचं नसतं.

पाणी काही थांबलं नाही. आणि एक दिवस वास सुटला. असा वास, की महाराज स्वतः नाक धरून गुहेत आले. त्यांनी दार उघडलं, पातेलं पुढे ओढलं. बासुंदीला हिरवी दाढी आली होती.

"ही घाण कोणाची?"

कोल्हेसाहेब घसा खाकरून म्हणाले, "सशिणीची, महाराज. गळतीही तिच्याचमुळे आहे."

"माझ्या कप्प्यात? हिची एवढी हिंमत?"

इंदू पुढे झाली. "महाराज, ही तुमच्या वाढदिवसाची बासुंदी आहे. तुम्हीच म्हणालात, उरलेली ठेवा."

महाराज हसले. अगदी मनापासून हसले. "वेडी आहेस का? मी कधी ताटात काही उरवतो?"

मग सगळेच हसले. गोदाक्काही हसली, पण तिने तोंड दुसरीकडे वळवलं होतं.

इंदूला तिची बाटली हातात देऊन बाहेर काढण्यात आलं. पातेलं ओढ्यात फेकलं. महाराजांच्या हुकमाने गोदाक्काने मागची भिंत गरम पाण्याने धुतली. धुतलेलं पाणी खाली गेलं, जरा अडलं, आणि मग भोकातून गुडगुड करत निघून गेलं. तो आवाज गोदाक्काने ऐकला. कोणाला सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी फ्रिज कोरडा होता. तिसऱ्या दिवशीही कोरडाच.

"बघा," कोल्हेसाहेब म्हणाले. "सशीण गेली, गळती गेली."

हे सर्वांना पटलं. पटण्यासारखंच होतं. जे आधी इंदूची कीव करत होते, त्यांनाही आता तिचा राग आला. इतके दिवस हिच्यापायी पाय ओले झाले!

इंदूने ओढ्याकाठच्या ओल्या वाळूत एक मडकं पुरलं आणि त्यात बाटली ठेवली. मडक्याला ओलं फडकं गुंडाळलं. ती रोज पाणी शिंपडायची आणि बाटलीला हात लावून बघायची. गार लागायची. थंडीचे दिवस होते. उन्हाळा अजून यायचा होता.

रिकामा खण एका खारीला मिळाला. तिला फार आनंद झाला. गोदाक्काने तिला पहिल्याच दिवशी बजावलं, "जे काही ठेवशील ते पुसून ठेवत जा गं."

पुढल्या वर्षी पुन्हा महाराजांचा वाढदिवस आला. महाराजांनी मिशा पुसल्या आणि म्हणाले, "उरलेली ठेवा. मी नंतर खाईन."

तात्पर्य: फ्रिजमध्ये पाणी गळू लागलं तर रबर, उतार आणि भोक यांच्या नादी लागू नये. सगळ्यांत खालच्या खणात कोण आहे ते पाहावं आणि त्याला बाहेर काढावं. त्याच वेळी कोणाच्या लक्षात न येता भोकही धुऊन घ्यावं, म्हणजे हा उपाय हमखास लागू पडतो.