तायडेकाका आणि गल्लीवरचा लोड

तायडेकाका आमच्या घरी आले की आधी पंख्याचं बटण बंद करत आणि मग ‘बरं हाय ना?’ विचारत. तेही खामगावच्या मे महिन्यात. ‘लोड येते न बे डीपीवर,’ असं म्हणून आमच्याच घरात घाम पुसत आमचाच चहा पीत. एसटीत कंडक्टर होते, त्यामुळे कुणालाही दटावायचा परवाना आपल्याकडे आहे अशी त्यांची समजूत. शेजारच्या हळदीत त्यांनी मांडवाचे सगळे दिवे घालवले. नवरदेवाला हळद लागली की नाही, हे चाचपून पाहावं लागलं.

भांडत मात्र कुणी नसे. काकूंना ऑक्सिजनचं मशीन लागतं, चोवीस तास. गल्लीत लोड वाढला की कोपऱ्यावरची विजेची डीपी उडायची, जुना इन्व्हर्टर थोड्याच वेळात मान टाकायचा, आणि काका काकूंना ऑटोत घालून दवाखान्याकडे पळायचे. म्हणून आम्हीही कुरकुरत का होईना, घामात बसायचो.

यंदा होळीच्या सुमारास त्यांच्या मुलीनं हट्टानं गच्चीवर सोलर बसवलं, बॅटरीसकट. आणि हा माणूस एकदम उधळ्या झाला. भर दुपारी दारोदार फिरून इस्त्रीचे कपडे मागू लागला. ‘दे न सूनबाई, मिरच्याही दे मिक्सरले. ऊन वाया जाऊन राह्यलं.’ ज्या उन्हाला आम्ही जन्मभर शिव्या घातल्या, त्याचं यांना कौतुक. मला म्हणाले, ‘पाहजो तू, पुढं लाइट इतकी होईन का लोकं पाहुण्याले म्हणतीन, जेवले नाही तरी चालते, पण मोबाइल चार्ज करूनच जा.’

परवा दुपारी गल्लीची लाइन गेली. सवयीनं मी अनवाणीच त्यांच्याकडे धावलो, तळवे चांगले भाजले. आत मशीन आपलं सुरू होतं. काकू पलंगावर टेकून बसल्या होत्या आणि खाली सतरंजीवर काका तोंड उघडं टाकून घोरत होते. माझा जीव भांड्यात पडला.

‘काकाले उठवू का? लाइन गेली म्हणून सांगतो.’

‘नको रे बापू,’ काकू हळूच म्हणाल्या. ‘इतकी वर्सं हे धड झोपलेच नाहीत. मशीन थांबते का म्हणून कान देऊन पडत. मी आपली डोळे मिटून पडो, यायले वाटावं मी झोपली.’

‘आता तरी झोपता ना?’

‘कुठची? यायच्या घोरण्यानं डोळा लागत नाही.’ त्या हसल्या. तेवढ्यानं दम लागला, तरी हसत राहिल्या. ‘घोरू दे,’ म्हणाल्या.