ठोंबरे काकांचं बीट

काकडी भाजून खाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आहे. तो आमच्या खालच्या मजल्यावर राहतो.

ठोंबरे काका शाळेत पी.टी. शिकवायचे. आता निवृत्त आहेत, एकटे आहेत आणि जाळावर न गेलेली वस्तू तोंडात घालत नाहीत. "कच्चं खायले आपन बकऱ्या आहोत का?" हा त्यांचा लाडका सवाल. गावाहून आणलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, त्यांनी गच्चीवर रचून ठेवल्या आहेत. त्यांवर वांगी भाजली जातात, पेरू भाजले जातात, एकदा टरबूजही भाजलं गेलं. आमच्या इमारतीतल्या धुतलेल्या कपड्यांना बारा महिने भरताचा वास येतो.

कुणाशी बोलावं लागू नये म्हणून मी जिना रिकामा बघूनच बाहेर पडते. तरी त्या दिवशी काकांनी मला गाठलंच.

"काहून वं, तुले इंग्लिश येते न? हे वाचून सांग."

त्यांच्या मुलीने, शीतलताईने, मोबाइलवर पाककृती पाठवली होती. भाजलेल्या बिटाचं सॅलड, त्यावर संत्र्याच्या रसाचं ड्रेसिंग आणि मसाला लावलेले अक्रोड. ताई बंगळुरूला असते. मागच्या खेपेला तिला काकांचं तिखट सोसलं नाही, म्हणून तिने सगळं जेवण बाहेरून मागवलं होतं.

"माह्याच दारात माह्या पोरीचा डब्बा दुसराच कोणी आणून देते! अन् मी त्याले थँक्यू म्हनलं," काका म्हणाले. "या रविवारी पोरगी येनार अन् माह्या हातचं जेवनार. बस!"

'भाजलेलं' एवढंच त्यांनी ऐकलं. मी ओव्हनबद्दल काहीतरी पुटपुटेपर्यंत ते गच्चीवर पोचलेसुद्धा.

शनिवारी तालीम झाली. काकांनी बिटं उंचीप्रमाणे रांगेत उभी केली आणि वांग्यासारखा भडका दिला. बिटं बाहेरून कोळसा झाली, आतून दगडच राहिली. काकांनी छत्रीची तार खुपसून पाहिली, तर तारच वाकली.

"शिस्त नाही यायले!" काका कडाडले. मग जाळ विझू दिला आणि नवी बिटं रताळ्यांसारखी गरम राखेत पुरली. बऱ्याच वेळाने ती मऊ, गोड होऊन निघाली. काकांनी त्यांना "विश्राम!" दिला आणि स्वतःही बसले.

अक्रोडांना चिमूटभर तिखट लावायचं होतं. काकांची चिमूट पाच बोटांची. परतायला लागल्यावर तळमजल्यापर्यंत सगळे खोकले. काका डोळे धुवायला गेले, तेवढ्यात मी अक्रोड धुतले आणि गूळ घालून पुन्हा परतले.

परत येऊन काका भावाच्या नरखेडच्या बागेतलं संत्रं निखाऱ्यावर ठेवू लागले.

"काका, नाही!" मी ओरडले. माझा एवढा मोठा आवाज मीही पहिल्यांदाच ऐकला.

"मंग रस कच्चाच देऊ? पोट बिघडलं त तिचं?"

"नाही बिघडणार."

"लिहून देशील?"

"देते."

शेवटी तडजोड झाली. नैवेद्य दाखवतात तसं त्यांनी संत्रं जाळाला लांबूनच दाखवलं आणि मग पिळलं.

रविवारी दुपारी मी खाली उतरले, तर काका आपल्या लोटलेल्या दाराबाहेर पायरीवर बसले होते. भाजीवाला वर येत होता. काकांनी दोन्ही हात पसरून त्याला अडवलं.

"हळू गा! पोरगी जेवून झोपली."

मी त्यांच्या शेजारी बसले. "आवडलं ताईला?"

"सारं संपवलं. वाटी बोटानं पुसून खाल्ली. मी म्हनलं, अजून करू का? पाहतो त सोफ्यावरच झोपली. लहानपनी असीच झोपे, हात न धुता." हे सगळं ते इतकं हळू बोलले की मला वाकून ऐकावं लागलं. "थकून जाते वं तिकडे. सांगत नाही."

"आणि तुम्ही जेवलात?"

काकांनी दाराकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली.

"राहू दे. भांडे वाजतेत."