नाड्यावर पळालेली मोटार

खोटं बोलीन तं जीभ झडो माही. यातला एकूणएक शब्द खरा आहे!

साल बहात्तर. माह्या नणंदेचं, प्रेमिलाचं, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, काटोलले, साडेअकराचा मुहूर्त. होणारे व्याही रुपराव मोठे कडक. मुहूर्त टळला म्हणून एका ठिकाणी त्यायनं पाटावरून पोरगं उठवून नेलं होतं. त्याच्यानं आमच्या सासूबाई कोंबडं आरवाच्या आधीच नटून बसल्या.

अन् आमचे हे? जुन्या मॉरिसच्या बोनटात मुंडकं घालून.

"गाडी उचलून नाई राहिली. सळई सेट करतो. पाच मिनटाचं काम."

पायाखालचा पेडल दाबला का हे सळई सरकते, कारबोरेटरची झडप उघडते अन् गाडी पळते. मले भारी नवल, मी वाकून पाहून राहिली. ह्यांनी सळईची ढिबरी, म्हणजे नट, सोडली. ते बेडकासारखी उडाली, सीधी नालीत. सळई लोंबकळली.

सासरे म्हणे, "आता पेडल कायले दाबतं गा?"

"दोरी बांधतो, बाबा. खेचली का पळते, सोडली का थांबते."

घाईत दोरी कुठली? माह्या नव्या परकराचा नाडा निघाला. बोनटातून काढून खिडकीतून आत घेतला. पण सुनेचा नाडा सासऱ्यानं धरावा कसा? ह्यांचे हात स्टेरिंगवर, सासूबाईची बोटं वातानं आखडलेली, प्रेमिला तं नवरी. मंग मागच्या सीटवर, डोक्यावर पदर घेऊन, मनगटाले नाडा गुंडाळून मीच बसली.

आता घरची रीत आयका. मामंजीसमोर नवरा-बायकोनं बोलाचं नाई. जे सांगाचं ते सासूबाईमार्फत.

"माय, तिले म्हणा, खेच."

"खेच म्हणते तो, वं."

मी खेचला. गोमाशी चावलेल्या गोऱ्ह्यासारखी गाडी उधळली.

"माय, सोड म्हणा, सोड!"

"सोड म्हणते, वं. कालच्या वरणातही असंच. सांगाचं एक, हे करते एक. हिच्या मायनं..."

भाषण सरलं तवा वाटेवरचं कळमेश्वर मागं गेलं होतं.

काटोलले रुपरावचं आंगण आलं. मंडळी उभी.

"माय, सोड म्हणा!"

पण सासूबाईले पाहुणे दिसले. "पहिले पदर सावर, वं!"

मी आज्ञाधारक. पदर वर ओढला, त्यासंगं मनगटाचा नाडाही ओढला. गाडी सीधी संत्र्याच्या ढिगात! खिडकीतून मामंजीच्या टोपीत, मांडीवर, कोटाच्या खिशात, सारं संत्रंच संत्रं.

रुपराव आले. प्रेमिलाचा रंगच उडाला. पण त्यायची नजर नाड्यावर.

"हे कायची दोरी होय जी?"

मामंजी म्हणे, "मोटारीची."

"चालू करा बरं."

ह्यांनी इंजन चालू केलं. रुपरावनं नाडा खेचला, इंजन गुरगुरलं. सोडला, चूप. पुन्हा खेचला. भटजी ओरडून राहिले, "मुहूर्त चालला!"

"थांबा जी महाराज, अजून एकडाव."

मुहूर्त टळला तो खुद्द व्याह्याच्या हातानं. मंग पोरगं उठवावं कोणं? बाराच्या ठोक्याले साक्षगंध लागलं.

निघताना रुपराव नाडा कुरवाळून म्हणे, "मोठी मजबूत आहे. कुठून घेतली?"

मामंजी जमिनीकडे पाहून म्हणे, "इतवारीच्या बजारातून."

सारं खरं बरं का. फक्त ढीग संत्र्याचा नोयता, शेणखताचा होता. मामंजी आता देवाघरी आहेत. त्यायले शेणात बसवाले जीव नाई झाला.