कपाटात कोंडलेलं वायफाय

"या रविवारी आपली अंबिका पहिली आली न्हाई, तर दगडोबा नाव लावणार न्हाई!"

दगडोबानं बायकोला ठणकावून सांगितलं. नागाबाई मेथी निवडत होती. तिनं नुसतं "हाव" म्हटलं. लातुरात घरोघरी एक होऊ घातलेला डॉक्टर. असल्या गर्जना तिनं गल्लीभर ऐकल्या होत्या.

दगडोबाचं दुखणं शेजारी राहत होतं. फर्निचरवाल्या खाजाभाईंची अलीझा आणि अंबिका जिवाभावाच्या मैत्रिणी, डॉक्टरकीचा क्लासही एकच, टेस्ट घरूनच नेटवर द्यायची. पण दर टेस्टला अलीझा पहिली, अंबिका दुसरी! आणि या वेळी पहिल्या येणाऱ्या पोरीचा फोटो घरच्यांसकट चौकातल्या बॅनरवर लागणार होता. त्या बॅनरवर हसणारे खाजाभाई डोळ्यांपुढं आले, की दगडोबाला घास गिळवत नव्हता.

अशात एकदा खाजाभाईंनी आपला मोबाईल पुढं केला. "दगडोबाभाऊ, हे बघा! तुमच्या वायफायचं नाव आमच्याकडं दिसतंय!"

झालं! दगडोबा तणतणत घरी आला. "नेट घेतलं मी, अन् त्यावर पहिली त्यांची पोरगी येऊन राहिली!"

"बाबा, नुसतं नाव दिसतंय," अंबिका म्हणाली. "पासवर्ड टाकल्याबिगर नेट मिळत न्हाई."

"नाव तिथवर गेलं म्हणजे बाकीचं बी गेलं असंल! मला शिकवू नको!"

मग दगडोबा ड्रिल मशीन मागायला गेला. कुणाकडं? खाजाभाईंकडंच!

"मी येऊन भोक पाडून देऊ का?" खाजाभाईंनी विचारलं.

"नको, नको! घरगुती भोक हाय!"

रविवारी सकाळी नागाबाई देवळात गेली, तसं यानं तिच्या माहेरच्या लोखंडी कपाटाला बाजूनं भोक पाडलं, वायर आत घेतली, वायफायचा राउटर साड्यांवर ठेवला आणि कुलूप लावलं. कपाट मधल्या खोलीत. घर भूकंपानंतर बांधलेलं. तेव्हा भीतीपायी भिंतींत इतकं सिमेंट आणि लोखंड ओतलं होतं, की आतली हाक बाहेर येत नव्हती.

"आता ओढ म्हणावं नेट!" दगडोबा मिशीत हसला.

पुढच्या खोलीत अंबिका कॉम्प्युटरसमोर बसली. "बाबा, नेट न्हाई!"

दगडोबानं कॉम्प्युटर बंद करून चालू केला. वरून थापट्या मारल्या. काही नाही! "बघितलंस? कोंडलं तरी ओढून राहिला तो खाजा!"

शेवटी कंपनीला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "सर, राउटर कुठं ठेवलाय?"

"एकदम सुरक्षित."

"त्याचे दिवे दिसतात का?"

"दिसत न्हाईत. कपाटाला कुलूप हाय."

बाई खाकरल्या. मग, "सर, कपाट लोखंडी आहे का?"

दगडोबानं फोन ठेवला आणि कपाटाकडं धाव घेतली. गडबडीत किल्ली उलटी फिरवली, ती कुलपातच मोडली! तेवढ्यात नागाबाई दारात. "अगं माय! माझ्या माहेरच्या कपाटाला भोक कुणी पाडलं?"

टेस्ट मोबाईलवर उघडत नव्हती. रडकुंडीला आलेली अंबिका सरळ शेजारी पळाली. मागोमाग दगडोबा गेला, तर पोरगी अलीझाच्या कॉम्प्युटरवर पेपर सोडवत होती आणि अलीझा दुकानातल्या जुन्या लॅपटॉपवर.

"भाऊ, बोलू नका," खाजाभाई कुजबुजले. "पेपर चालू हाय. नेट काय, कुणाचं बी बंद पडतंय. आमचं हाय की!"

दगडोबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निकाल लागला. अंबिका पहिली! अलीझा दुसरी! दगडोबा नवा सदरा घालून फोटोला गेला. पण अंबिका अडून बसली. "खाजाचाचांमुळं पेपर झाला. ते न्हाईत तर फोटो न्हाई."

बॅनर लागला. मधोमध अंबिका, बाजूला खाजाभाई दिलखुलास हसताहेत. दगडोबा पार कडेला, अर्धा कान कापला गेलेला. चौकातून जाणारा प्रत्येक जण खाजाभाईंच्या हातात हात देत होता, "मुबारक हो! पोरीनं नाव काढलं!" आणि खाजाभाई खुशीत सगळ्यांना पेढे वाटत होते. एक पेढा दगडोबालाही मिळाला.

घरी येऊन दगडोबा लेकीजवळ बसला. मग हळूच म्हणाला, "अंबे, पुढल्या बारीला दुसरी आलीस तरी चालंल. पण माय, आपल्या घरी बसून ये!"