ट्रॉफीवरचा गोलकीपर

शुक्रवारी संध्याकाळी सबनीसांकडे चहाला जायचं म्हटलं की हरिहर पाटणकर दुपारपासूनच न जाण्याची कारणं शोधायला लागायचा. सुनीती सबनीसच्या हातचा चहा उत्तम असे आणि सोबतची कोथिंबीरवडी त्याहून उत्तम. भानगड होती ती शोकेसमधल्या ट्रॉफीची. मोहन सबनीसने ती अशा जागी ठेवली होती, की तुम्ही कुठल्याही खुर्चीत बसा, बशीवरून मान वर केली की तीच दिसायची. वर एक छोटा दिवासुद्धा लावला होता.

"अकरा गोल," मोहन म्हणाला. हे तो दर शुक्रवारी म्हणायचा. "एका सीझनमध्ये अकरा! पण तुझी श्रुतीपण छान खेळते हं, हरिहर. गोलमध्ये उभी छान राहते."

हरिहरनं हातातली वडी परत बशीत ठेवली.

दोघं सौदीतल्या अल खफजीला एकाच दिवशी, एकाच विमानानं आले होते. मोहन पुण्याचा, हरिहर नाशिकचा. समुद्रातल्या तेलविहिरींवरची मीटरं आणि व्हॉल्व्ह सांभाळायचं दोघांचं काम एकच, कंपाउंडमधली घरंही समोरासमोर. पण बढती मोहनला सहा महिने आधी मिळाली, लिंबाचं झाड असलेलं घर मोहनला मिळालं आणि इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, त्याच्या नूतनीकरणाच्या रांगेतसुद्धा मोहनचा नंबर नेमका खिडकी बंद व्हायच्या आधी लागायचा. हे सगळं हरिहरनं अकरा वर्षं गिळलं होतं. मात्र इंडियन स्कूलच्या मुलींच्या फुटबॉल संघातली 'सर्वोत्कृष्ट खेळाडू' ही ट्रॉफी मोहनच्या क्षमाला मिळाली आणि त्याच संघाची गोलकीपर असलेली आपली श्रुती नुसतीच 'उभी राहते' ठरली, हे काही घशाखाली उतरेना.

"उभी छान राहते म्हणे!" घरी येताना तो बायकोला, चित्राला, म्हणाला. "म्हणजे काय, ती खांब आहे?"

"अहो, त्यानं कौतुक केलं."

"कौतुक? तो कधी तरी कुणाचं कौतुक करतो का? आणि मला एक सांग, ही ट्रॉफी देतात कशावरून? कोण ठरवतं? काही नियम, काही मतदान?"

चित्रानं कुलूप उघडलं. हा प्रश्न आता महिनाभर घरात राहायला येणार, हे तिनं ओळखलं.

पुढच्याच पालकसभेत हरिहर उभा राहिला. फुटबॉलच्या पुरस्काराला पारदर्शक पद्धत हवी, निकष लेखी हवेत, यावर तो बारा मिनिटं बोलला. प्राचार्या पद्मिनी मॅडम केरळच्या, शांत स्वभावाच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हिंदीत म्हणाल्या, "बहुत अच्छा. तो आप ही लिख दीजिए, पाटणकरजी."

हरिहरला आपले कान खरे वाटेनात. मांजराला विचारून दुधाचे नियम करावेत, तसंच झालं.

त्यानं काम शास्त्रशुद्ध करायचं ठरवलं. आधी पुरस्काराचा मूळ हेतू शोधायचा, मग त्यावर निकष बसवायचे. मूळ हेतू त्याला घरबसल्या सापडलाही होता. दर शुक्रवारी ती ट्रॉफी नाइलाजानं बघून बघून तिच्यावरची पितळी आकृती त्याला पाठ झाली होती. उजवा हात डोक्यावर उंच, हातात चेंडू. आता फुटबॉलमध्ये चेंडू हातात कुणाच्या असतो? गोलकीपरच्या! म्हणजे हा पुरस्कार मुळात गोलकीपरसाठीच सुरू झाला होता आणि मध्येच कुणी तरी तो पळवला होता.

हा शोध घेऊन तो सरोज मॅडमना भेटला. सरोज मॅडम खेळाच्या शिक्षिका, मूळच्या कोल्हापूरच्या. फुटबॉल रक्तात आणि आवाज मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"मूळ हेतू?" त्या शिट्टी पुसत म्हणाल्या. "काय सांगायचं सर, तो गोलकीपर न्हाई, बॉलर हाय."

"बॉलर?"

"दोन वर्षांमागं इथल्या इंडियन लोकांची क्रिकेट टूर्नामेंट व्हायची होती. धुळीचं वादळ आलं, दोन दिवस समोरचं माणूस दिसंना. टूर्नामेंट खलास. 'बेस्ट बॉलर'च्या सहा ट्रॉफ्या उरल्या, त्या त्यांनी शाळेला दिल्या. मी त्याच वर्षी पोरींची टीम काढलेली. म्हटलं, चला, एक देऊ कुणाला तरी. खालची पट्टी बदलली फक्त."

"आणि निवड कशी करायचात?"

"पहिल्या साली एक पोरगी प्रॅक्टिसला रोज आली, तिला दिला. गेल्या साली म्हटलं, क्षमा गोल मारत्या, देऊ हिला. निकष म्हणताय त्ये एवढंच."

इतिहासानं दगा दिला, म्हणून हरिहर खचला नाही. सगळा भार त्यानं निकषांवर टाकला. चार दिवस ऑफिसचं काम बाजूला सारून त्यानं शंभर गुणांचा तक्ता बांधला. गोल कितीही मारा, वीसच गुण. गोलकीपर किंवा बचाव फळीनं अडवलेल्या चेंडूंना तीस. वर्गातल्या हजेरीला दहा, कारण क्षमा मावशीच्या लग्नाला पुण्याला जाऊन आठ दिवस बुडवून आली होती. खेळाडूंच्या गुप्त मतदानाला तीस, स्वतःला मत द्यायची मनाई. आणि उरलेले दहा गुण 'पालकांचे मैदानावरील वर्तन' यासाठी. हे कलम लिहिताना तो स्वतःशीच हसला. मोहन प्रत्येक सामन्यात रेषेवर उभा राहून रेफरीला अस्सल पुणेरी मराठीत नावं ठेवायचा. रेफरी सुदानी होता, त्याला वाटायचं हे गृहस्थ आपल्याला उत्तेजन देताहेत, आणि तो हात हलवून आभार मानायचा. पण पद्मिनी मॅडमना एव्हाना थोडं थोडं मराठी कळायला लागलं होतं.

चित्रानं तक्ता वाचला. "अहो, हे निकष आहेत, की श्रुतीचा बायोडाटा?"

"अगदी निःपक्षपाती आहेत. कुठं नाव आहे तिचं?"

"फोटोच तेवढा लावायचा राहिलाय."

तक्ता मंजूर झाला. मोहननं तो वाचला, लिंबाच्या झाडाखाली उभं राहून दुसऱ्यांदा वाचला आणि रस्ता ओलांडून आला.

"हे अडवलेल्या चेंडूंचं कुणाच्या डोक्यातून निघालं रे?"

"कमिटीच्या," हरिहर म्हणाला.

"कमिटीत कोण आहे?"

"तसा मीच. पण चर्चा पुष्कळ झाली."

नवा सीझन सुरू झाला आणि हरिहरपुढं एक विचित्र अडचण उभी राहिली. श्रुतीला अडवायला चेंडूच येईना. संघात झेबा पारकर नावाची एक उंच, अबोल मुलगी होती. ती बचाव फळीत मधोमध खेळायची आणि समोरून येणारा प्रत्येक चेंडू श्रुतीपासून तीस पावलांवरच काढून घ्यायची. ना आरडाओरडा, ना घाई. गवार निवडावी तसं काम. हरिहर गोलच्या मागे नोंदवही घेऊन उभा राहायचा आणि चार सामन्यांनंतर त्याच्या वहीत श्रुतीच्या नावापुढं फक्त तीन रेघा होत्या. त्यातला एक चेंडू तर वाऱ्यानंच आला होता.

तो आता मनातल्या मनात प्रतिस्पर्ध्यांना चढाईसाठी प्रोत्साहन देऊ लागला. "या ना, या," असं तो पुटपुटायचा. समोरची मुलगी चेंडू घेऊन धावली की त्याचं काळीज उचंबळून यायचं, तेवढ्यात झेबाचा पाय मध्ये यायचा आणि सगळं थंड.

शेवटचा सामना जुबैलहून आलेल्या शाळेशी होता. मध्यंतरापर्यंत क्षमाच्या एका गोलानं आघाडी. मोहन पलीकडच्या रेषेवर दोन्ही हात पसरून उभा होता, जणू गोल त्यानंच मारला होता. हरिहरच्या वहीत आज एकही रेघ नव्हती. त्याला ते बघवेना. पाण्याच्या बाटल्यांपाशी झेबा एकटी उभी होती, तिथं तो गेला.

"बेटा, छान खेळतेस तू."

"थँक यू, अंकल."

"पण किती पळतेस! एवढा जीव तोडून नको खेळूस. जरा दमानं घे. सगळे बॉल काय तूच अडवायचे का? मागं श्रुती आहे ना."

झेबानं त्याच्याकडं गंभीरपणे पाहिलं. वडीलधाऱ्यांचं ऐकायचं, ही तिला घरची शिकवण होती. "ओके, अंकल," ती म्हणाली.

आणि तिनं खरोखरच दमानं घेतलं. दुसरा हाफ सुरू झाला आणि धरण फुटावं तसे चेंडू यायला लागले. श्रुतीनं पहिला अडवला. हरिहरनं रेघ मारली. दुसरा तिनं उडी मारून बाहेर ढकलला. रेघ! तिसरा पोटाशी धरला. रेघ! हरिहरचे डोळे भरून आले. चौथ्याला मात्र तीन मुली एकदम चालून आल्या, झेबा सांगितल्याप्रमाणे बाजूला चालत राहिली आणि चेंडू श्रुतीच्या बोटांना चाटून जाळ्यात गेला.

एक-एक!

पाचवी चढाई येताना दिसली तेव्हा हरिहरला आपण काय करून बसलो ते कळलं. "झेबा! अगं अडव! दमानं नको, दमानं नको!" असं ओरडत तो निघाला. आपण रेषा कधी ओलांडली आणि पेनल्टीच्या जागेपर्यंत कधी पोचलो, हे त्याला उमगलं नाही. एका हातात वही, दुसऱ्या हातात पेन. जुबैलची मुलगी दचकून थांबली. चेंडू हरिहरच्या पोटरीला लागून बाहेर गेला.

शिट्टी वाजली. सुदानी रेफरीनं आयुष्यात पहिल्यांदाच एका बापाला लाल कार्ड दाखवलं आणि फाटकाकडं बोट करून म्हणाला, "यल्ला."

"बाबा!" श्रुतीनं दोन्ही हातमोज्यांनी तोंड झाकलं. "प्लीज, जस्ट गो!"

फाटकाबाहेर उभं राहून, जाळीच्या भोकातून त्यानं उरलेला सामना पाहिला. झेबा पुन्हा आपल्या मूळच्या पद्धतीनं खेळू लागली होती. शेवटच्या मिनिटाला कॉर्नर मिळाला, तिनं पुढं येऊन डोक्यानं गोल केला आणि परत आपल्या जागेवर चालत गेली.

आठ दिवसांनी शाळेच्या हॉलमध्ये निकाल होता. निकष पारदर्शक असावेत असं कलम हरिहरनंच घातलेलं असल्यामुळं सगळ्यांचे गुण पडद्यावर दाखवले गेले. क्षमा सबनीस तिसरी. वडिलांच्या वर्तनाचे तिला दहापैकी दोन मिळाले होते. हरिहरच्या छातीत थोडं गार वाटलं. दुसरी श्रुती पाटणकर, वडिलांच्या वर्तनाचे शून्य. आणि सात गुणांनी पुढे, पहिली, झेबा पारकर. अडवलेल्या चेंडूंत तिला तीसपैकी तीस होते, कारण 'किंवा बचाव फळीनं' हे तीन शब्द निःपक्षपाती दिसावं म्हणून हरिहरनंच घुसडले होते. पालकांच्या वर्तनातही दहापैकी दहा. तिच्या घरचं कुणी एकदाही मैदानावर आलं नव्हतं, त्यामुळं त्यांचं वर्तन निष्कलंक ठरलं.

सातातून दहा गेले की काय उरतं, हे हरिहरनं मनात करून पाहिलं. पुन्हा करून पाहिलं. उत्तर तेच येत होतं. तो रेषेच्या अलीकडं नुसता गप्प उभा राहिला असता, तरी श्रुती तीन गुणांनी जिंकली असती.

"तू कुणाला मत दिलंस?" त्यानं श्रुतीला कुजबुजत विचारलं.

"झेबाला. ऑब्व्हियसली. बाकीच्यांनी मला दिलं, लाल कार्डानंतर कीव आली असेल त्यांना." श्रुती उभी राहून जोरजोरात टाळ्या वाजवत होती. शेजारी क्षमाही तोंडात बोटं घालून शिट्टी मारत होती. दोन रांगांत मिळून फक्त दोनच चेहरे पडलेले होते.

"हे निकष कुणी लिहिले रे?" मोहननं समोर बघतच विचारलं.

"कमिटीनं," हरिहर समोर बघतच म्हणाला.

समारंभ संपला, चहा आला. तेवढ्यात झेबाचा हात धरून एक बाई घाईघाईनं त्यांच्याकडं आल्या. सरकारी दवाखान्याचा पांढरा कोट अजून अंगावरच होता. या पारकर सिस्टर, मूळच्या दापोलीच्या. नवरा गावी, इथं मायलेकी दोघीच.

"पाटणकरभाऊ तुम्हीच ना?" त्यांनी विचारलं. हरिहरनं कपाळावरचा घाम पुसला. आता सगळ्यांसमोर उद्धार होणार!

"मला मॅचला यायला कधी जमलंच नाही हो. ड्युटी सुटत नाही. जीव मात्र सगळा इकडं असायचा. झेबा सांगत होती, एक अंकल हाफटाइमला मुद्दाम जवळ आले, बेटा म्हणाले. जीव तोडून नको खेळू, दमानं घे म्हणाले." त्यांनी हात जोडले. "परमुलखात दुसऱ्याच्या मुलीची एवढी काळजी कोण करतं? स्वतःची मुलगी खेळत असताना! तुमचे उपकार विसरायची नाही मी."

खरं सांगावं असं हरिहरला क्षणभर अगदी मनापासून वाटलं. झेबा त्याच्याकडं त्याच गंभीर नजरेनं बघत होती. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात किंचित काही तरी हललं, की त्यालाच तसं वाटलं, कोण जाणे.

"छे, छे... त्यात काय..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

सिस्टर डोळे पुसत गेल्या. पद्मिनी मॅडम लांबून हे बघत होत्या. त्यांनी येऊन हरिहरशी दोन शब्द बोलून घेतले आणि पुढच्या वर्षीही निकषांचं काम तुम्हीच बघा, असं सांगून गेल्या.

मोहन चहाचा कप हातात धरून तसाच उभा होता. त्याचा चेहरा हरिहरला एकदम ओळखीचा वाटला. अकरा वर्षं रोज सकाळी दाढी करताना आरशात तो हाच चेहरा बघत आला होता.

"काय म्हणत होत्या रे सिस्टर?" मोहननं विचारलं. "डोळे का पुसत होत्या? तू असं काय केलंस त्यांच्यासाठी?"

"काही नाही रे."

"काही नाही कसं? आम्हाला कुणी कधी असे हात जोडले नाहीत ते. सांग ना!"

हरिहरनं सांगितलं नाही. मोहननं हॉलमध्ये दोनदा, गाडीपाशी एकदा आणि घरी पोचल्यावर फोन करून पुन्हा एकदा विचारलं. हरिहरला स्वतःची लाज वाटत होती, अगदी खरोखर वाटत होती. पण त्या रात्री तो तीन पोळ्या जास्त जेवला.