मोटारघराची विश्रांत अवस्था

“जावईबापू, बसलेली गाडी उठवायची तर आधी आपल्याला आडवं व्हावं लागतं.” माझे सासरे एल्मर हे गाडीखालून म्हणाले होते. त्यांचे फक्त बूट दिसत होते आणि आवाज ओल्या मातीतून बी बोलावं तसा येत होता. मी तेव्हा नवा जावई होतो. पुढचं आयुष्य आपल्याला आडवंच काढायचं आहे, हे काही त्या आवाजात मला ऐकू आलं नाही.

एल्मर गेले आणि त्यांचं मोटारघर मिनेसोटातल्या आमच्या अंगणात आलं. सत्तरच्या दशकातलं हे चाकांवरचं घर. त्यात चूल आहे, पलंग आहे, पडद्यांवर फिकट झालेली सूर्यफुलं आहेत. मागच्या चाकांना इतर गाड्यांसारखे लोखंडी पाटे नाहीत. गाडीचं मागचं अंग हवेने भरलेल्या दोन रबरी पिशव्यांवर तोललेलं असतं. चालताना आतल्या पेल्यातलं दूधसुद्धा हिंदकळत नाही, असं सांगतात. सांगतात एवढंच, कारण पिशव्यांतली हवा रात्रभरात हळूच निघून जाते आणि सकाळी पाहावं तर मागचं अंग जमिनीकडे झुकलेलं, दूध काढू न देणाऱ्या गायीनं फतकल मारावी तसं.

माझी पत्नी वर्ना हिला या गाडीकडून एकच गोष्ट हवी होती. तिची थोरली बहीण ओडेटा ओरेगॉनच्या समुद्रकाठी राहते. ओडेटाची दृष्टी दरवर्षी थोडी थोडी कमी होत चालली आहे आणि फोनवर ती दरवर्षी तेच म्हणायची, “डोळे आहेत तोवर ये गं. नंतर तू मला नुसत्या आवाजावरून ओळखू येशील.”

“या उन्हाळ्यात नक्की,” मी म्हणायचो. “फक्त एवढी हवा तेवढी टिकू दे.”

मी जिल्ह्याच्या परवाना कचेरीतून निवृत्त झालेला माणूस. अडचण दिसली की आधी ती कुणाच्या अखत्यारीत येते हे बघायचं, असं माझं शिक्षण. ही अडचण आम्हा जुन्या मोटारघरांच्या मालकांच्या मंडळाच्या अखत्यारीत येत होती. मंडळाचे अध्यक्ष लोवेल ब्रँडवोल्ड यांना मी फोन केला.

“साबणाचं पाणी लावलंस?” त्यांनी विचारलं.

“लावलं. डाव्या पिशवीवर बुडबुडे आले.”

“कसे आले? आत्मविश्वासानं आले की चाचरत?”

“चाचरत.”

“मग तो दोष सिद्ध होत नाही, हार्लन. त्याला प्रवृत्ती म्हणतात.”

पिशवी बदलावी, हा विचार एखाद्या अडाण्याच्या मनात येईल. पण आमच्या गाडीच्या पिशव्या मूळच्या होत्या, कारखान्यातून गाडीबरोबर आलेल्या. मंडळाच्या नियमानुसार मूळ भाग समतलता उपसमितीने समक्ष दोषी ठरवल्याखेरीज बदलता येत नाही. बदलला तर गाडीच्या कपाळावरची ‘मूळ’ ही पितळी पाटी उतरवून परत करावी लागते. समक्ष तपासणीसाठी गाडी उपसमितीकडे न्यावी लागते. आणि मागून बसलेली गाडी रस्त्यावर आणायला सुरक्षिततेच्या कारणास्तव सक्त मनाई आहे. हा नियम मला तेव्हाही निर्दोष वाटला. आजही वाटतो. तो मीच लिहिला होता.

उपसमितीने आमच्याकडे यावं, अशी विनंती मी केली. उपसमिती यायला तयार होती. पण नियमानुसार ती स्वतःच्या मोटारघरातूनच दौरा करते आणि उपसमितीचं मोटारघरही मागून बसलेलं होतं.

अशा बिकट प्रसंगी मंडळं जे करतात तेच आमच्या मंडळानं केलं. व्याख्या बदलली. मागचं अंग खाली गेलेल्या गाडीला यापुढे ‘नादुरुस्त’ न म्हणता ‘विश्रांत अवस्थेतील’ म्हणावं, असा ठराव एकमतानं झाला. एका झटक्यात मंडळाच्या सगळ्या गाड्या सुस्थितीत आल्या. मला समतलता सचिव करण्यात आलं. त्या रात्री मी पदाच्या आनंदात झोपलो आणि माझी गाडी तिच्या विश्रांत अवस्थेत.

मी गाडीच्या चौकटीखाली लाकडी ठोकळे लावायचो, कारण पिशवी फुटली तर सगळं घर छातीवर येतं, आणि मग खाली सरपटायचो. वर्ना स्वयंपाकघराच्या खिडकीत भांडी विसळत गुणगुणायची:

गाडी उभी अंगणात, चाक तिचं झोपी गेलं
समुद्राच्या वाटेवर माझं मन पुढं गेलं

मी खालून तिला दुरुस्ती सुचवली. चाक झोपत नाही, पिशवी झोपते. दुसऱ्या ओळीत तांत्रिक असं काही नसल्यानं तिच्याकडे मी लक्ष दिलं नाही.

मग मंडळाचा उन्हाळी मेळावा आला. दरवर्षी आम्ही आठवडाभर एका सरोवराकाठी जमतो, घडीच्या खुर्च्या टाकतो, एकमेकांच्या गाड्यांखाली वाकून बघतो आणि ‘काय सुरेख उंची राखलीय’ असं म्हणतो. मागून बसलेल्या गाडीबद्दल तिच्या मालकाला विचारायचं नाही, हा आमच्यातला शिष्टाचार आहे. दुसऱ्याच्या केसांच्या टोपाबद्दल विचारत नाहीत तसा. पण गेल्या वर्षी सरोवरापर्यंत कुणाचीच गाडी पोचणार नव्हती. मेळावा रद्द करणं म्हणजे दोष कबूल करणं. तेव्हा ‘स्वगृही मेळावा’ घ्यायचं ठरलं. प्रत्येकानं आपापल्या अंगणात, आपापल्या गाडीसमोर खुर्ची टाकून बसायचं आणि फोनवरून दुसऱ्याच्या गाडीचं कौतुक करायचं. आजवरचा सर्वांत यशस्वी मेळावा म्हणून त्याची नोंद झाली. कुणी वाट चुकलं नाही, कुणाला डास चावले नाहीत. सचिव या नात्यानं मी तो जवळजवळ सगळा गाडीखालीच काढला, कानाला फोन आणि हातात साबणाचा फेस.

या वसंतात मात्र मला एक तेजस्वी दुरुस्ती सुचली. नवी पिशवी बसवायला हरकत नाही, फक्त तिला ‘भावी मूळ’ म्हणायचं. पन्नास वर्षांनी ती मूळ होणारच आहे, मंडळ जरा आधी मान्यता देतंय इतकंच.

लोवेल यांनी ते मला फोनवर पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाले, “हार्लन, तू परवाना कचेरीत होतास म्हणजे तुझा तिथं अपव्ययच झाला.”

ठराव झाला. नव्या पिशव्या आल्या. मी त्या बसवल्या, नळ्या घट्ट केल्या, कंप्रेसर चालू केला. जुन्या झाडानं पाठ सरळ करावी तसं मोटारघर कण्हत कण्हत उठलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते तसंच उभं होतं. चाकांवर दव होतं आणि गाडीच्या खाली, जिथं इतकी वर्षं फक्त मी होतो, तिथून पलीकडचं कुरण दिसत होतं.

वर्ना मागच्या पायरीवर कॉफी पीत बसली होती.

“हवा टिकली,” मी म्हणालो. “ऊठ, सामान भर. ओरेगॉन, समुद्र, ओडेटा. सगळं.”

ती उठली नाही. पेला दोन्ही हातांत धरून म्हणाली, “मी जाऊन आले, हार्लन.”

“कुठं?”

“ओरेगॉनला. बसनं. तुझ्या त्या घरच्या घरी मेळाव्यात.”

मी हसलो, कारण हे शक्यच नव्हतं. “मेळावाभर मी इथंच होतो. मला जेवण कोण देत होतं?”

“शेजारची आर्डिस. तू गाडीखालून हात बाहेर काढायचास, ती त्यावर ताट ठेवायची. एकदा मीठ कमी आहे म्हणून तू माझ्या नावानं ओरडलास. तिनं मनावर घेतलं नाही. म्हणाली, माझाही असाच होता.”

वाचकहो, हसा खुशाल. फक्त या पानावरून मान वर न करता सांगा, आत्ता तुमच्या घरात कोण आहे आणि ते कालपासून आहे का.

“मला सांगितलं का नाहीस?” मी विचारलं.

“सांगणारच होते. बॅग हातात घेऊन फाटकातून आत आले, तर तू समोर उभा, नखशिखांत फेसानं माखलेला. म्हणालास, वर्ना, बघ, दुपारपासून एकही बुडबुडा नाही. लग्नातसुद्धा तुझा चेहरा तसा खुलला नव्हता. मग बॅग खाली ठेवली आणि बटाटे सोलायला घेतले.”

कुरणावर एक पक्षी बोलत होता. मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो. ती जरा सरकली.

“आणि तिचे डोळे?”

“मला पाहिलं तिनं. जेमतेम. खिडकीपाशी नेऊन, माझं तोंड उजेडाकडे वळवून.” पेल्यात आता काही उरलं नव्हतं, तरी तिनं तो ओठांना लावला. “मग माझ्या खांद्यावरून दारात बघत राहिली. विचारलं, हार्लन कुठाय?”

“तू काय सांगितलंस?”

“सांगितलं, वाटेवर आहे.”