ड्रायरची जाळी

"तू सुखी आहेस, हाच सगळा घोटाळा आहे," ड्रमवाला ड्यूई म्हणाला.

ब्रेंट पलुम्बोने मान खाली घातली. आरोप खरा होता. न्यू जर्सीतल्या त्याच्या गॅरेजात 'रिकामं पार्किंग' हा त्यांचा बँड वर्षानुवर्षं रडत आला होता. पहिला अल्बम ब्रेंटला एका मुलीने सोडलं त्यावर निघाला. तो ऐकून गावोगावची पोरं काळ्या स्वेटरच्या बाह्यांना नाक पुसू लागली. दुसरा, बाप घर सोडून गेला त्यावर. मग ब्रेंटने लॉरीनशी लग्न केलं आणि तिसरा अल्बम निघाला परसातल्या टोमॅटोंवर. तो ब्रेंटच्या आईनेही पुरता ऐकला नाही. आता रेकॉर्ड कंपनीने बजावलं होतं, की चौथा अल्बम रडवणारा हवा, नाहीतर रामराम.

"लॉरीन, आठवडाभर आईकडे जाऊन येतेस का?" ड्यूईने सरळ विचारलं. "तुझ्या विरहात ह्याला काहीतरी सुचेल."

लॉरीनला कल्पना भलतीच आवडली. त्या पहिल्या बयेवर अख्खा अल्बम, आणि लग्नाच्या बायकोच्या वाट्याला टोमॅटो! हे तिला कधीचं सलत होतं. ती हसतहसत पेनसिल्व्हेनियाला गेली.

ब्रेंट मनापासून दुःखी व्हायला बसला. पण पलंगावर आडवातिडवा पसरल्यावर त्याला अशी झोप लागली, की विचारू नका. इकडे ड्यूईने 'ब्रेंटची बायको गेली' एवढंच बँडच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकलं. झालं! शेजारणी सांत्वनाला लझान्याची, म्हणजे चीज घातलेल्या पास्त्याची, भांडी घेऊन दारात उभ्या राहिल्या. पाठोपाठ जुने चाहते आले आणि हिरवळीवर बसून हुंदके देऊ लागले. एवढा लझान्या एकट्याला संपणार कसा? ब्रेंटने त्यांनाच वाढला. हुंदके थांबले, कोणीतरी बिअर आणली, आणि हिरवळीवर जत्रा भरली. जत्रेचे फोटोही पानावर झळकले.

चौथ्या दिवशी त्याने लॉरीनला फोन केला. तिने तो पहिल्याच घंटीला उचलला.

"आठवण आली ना रे?"

"अगं, ड्रायरची जाळी कुठे ठेवतेस? कपडे वाळत नाहीयेत."

"बस्स? एवढंच?"

"नाही नाही, मी मजेत आहे. तू राहा की आणखी आठवडाभर!"

दुसऱ्या दिवशी दुपारी लॉरीन गॅरेजात उभी होती. सराव चालू होता, आणि रिवाजाप्रमाणे रेकॉर्डिंगही. तिने ब्रेंटच्या हातातला माइक हिसकावला.

"मी गेले, आणि तुला जाळी आठवली!" ती ओरडली. "जाळी! आईच्या सोफ्यावर रात्ररात्र रडले मी, मेल्या, आणि तू लोकांना लझान्या वाढतोस?"

ड्यूईचे हात सवयीने ड्रमवर पडले. बास गिटारवाला डोळे मिटून वाजवू लागला. त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं. लॉरीन बोलून थकली, तेव्हा ड्यूई हळूच म्हणाला, "पुन्हा एकदा घेऊ या. फक्त आईचा सोफा दुसऱ्या कडव्यात आणशील?"

'ड्रायरची जाळी' ऐकून कंपनीचा साहेबसुद्धा रडला. दौरा निघाला. लॉरीन मंचावर किंचाळायची, हजारो लोक तिच्यासोबत एकेक शब्द म्हणायचे, आणि ब्रेंट मागे टी-शर्टांच्या टेबलाशी उभा असायचा. एक मुलगी शर्ट घेताघेता थबकली.

"जाळीवाले तुम्हीच ना?"

"हो. मापात नसला तर बदलून देईन."

"शी!" म्हणून ती निघून गेली.

खेळ संपल्यावर ड्यूई तोंड पाडून आला. "लेका, पंचाईत झालीय. लॉरीन फार खूश आहे. पाचवा अल्बम काढायचा कशावर? तू आठवडाभर आईकडे जाऊन येतोस का?"

ब्रेंटने आशेने मंचाकडे पाहिलं. लॉरीन मुलींच्या घोळक्यात सह्या करत होती.

"लॉरीन, मी आईकडे जाऊ?"

"जा की!" ती मान वर न करता म्हणाली. "आणि आरामात ये, मी मजेत आहे."

ब्रेंटचे डोळे भरून आले. कितीतरी वर्षांनी त्याच्या ओठांवर एक अस्सल रडकी ओळ आली. पण रेकॉर्डिंग केव्हाच बंद झालं होतं, आणि माइक तिच्याकडे होता.